कापूस वेचणीच्या दिवसांत घरच्या जेवणाचा आठवडा कसा लावावा?

तिफण
हिशेबासाठी एक घर धरू. सहा माणसं: दोघं वावरात राबणारी, दोघं म्हातारी (आजोबांना शुगर), दोन पोरं शाळेतली. दिवस वेचणीचे, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी. घरातली बाई आठ वाजता वावरात जाते, परत यायला दिवस बुडतो. स्वयंपाकाला सकाळी सव्वा तास, संध्याकाळी एक तास. बाजार आठवड्यातून एकदाच, बुधवारी. फ्रिज आहे, पण लाइनीचा भरवसा नाही.

अशा घरात बाजारानंतर दोन दिवस पालेभाजी असते, मग वांगे-आलू, मग आलू-वांगे, आणि सोमवार-मंगळवारी ठेचा-भाकर. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतले तक्ते इथे चालत नाहीत. त्यांत रोज ताजी भाजी आणि सकाळी फळांची वाटी असते. आपल्या बाजारात आणि आपल्या वेळेत बसेल असं मापासकट सांगा.

चुलांगण
पहिली चूक तक्ता सोमवारपासून लिहिण्यात होते. ज्या घरी बाजार बुधवारी, त्या घरचा आठवडा बुधवारी संध्याकाळी सुरू होतो. भाजी जितकी लवकर सडते तितकी आधी शिजली पाहिजे, एवढा एकच नियम धरून आठवडा लावा.

बुधवार-गुरुवार पाल्याचे. मेथी, पालक, चवळाई, अंबाडी, चुका. शुक्रवार-शनिवार वांगी, ढेमसे, दोडके, गवार, वालाच्या शेंगा. यातही दोडके आधी, गवार नंतर. रविवारी फुलकोबी-पत्ताकोबी, गाजर, मुळा. सोमवार-मंगळवारी भाजी संपलेलीच असते, म्हणून ते दोन दिवस आधीपासूनच कडधान्य, कोहळं आणि वाळवणाचे समजायचे. कोहळं अख्खं असेल तर महिनाभर टिकतं, कापलं की तीन दिवस. म्हणून ते रविवारच्या आत कापूच नये.

आता मापं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटात माणशी रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य आणि ४०० ग्रॅम भाजी धरली आहे. डाळीचं माप सहा जणांना आठवड्याला साडेतीन किलोच्या आसपास जातं. आपल्याकडे ते जड नाही, तूर घरचीच असते. अशी वाटणी करा:

तूरडाळ १५०० ग्रॅम
चणाडाळ ५०० ग्रॅम
बेसन ४०० ग्रॅम
मूग (अर्धी डाळ, अर्धे अख्खे) ६०० ग्रॅम
मोट (मटकी) किंवा बरबटी (चवळी) ५०० ग्रॅम
फल्लीदाणे (शेंगदाणे) वेगळे, ५०० ग्रॅम

भाजीचं माप मात्र आठवड्याला सोळा-सतरा किलो होतं. एका बाजारातून तेवढी आणणं आणि टिकवणं दोन्ही अवघड. बाजारातून दहा-अकरा किलो आणा, उरलेली परसातून आणि वाळवणातून. मुनग्याचं (शेवग्याचं) एक झाड आणि न्हाणीच्या पाण्यावर पालक-मेथीचे दोन वाफे असले तर आठवड्याला तीन-चार किलोची भर सहज पडते. वाफे एकाच दिवशी पेरू नका, दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरा, नाहीतर सगळी मेथी एकदमच जून होते.

वावरात राबणाऱ्यांना २००० कॅलरी पुरत नाहीत. त्यांच्या भाकरी जास्त असणारच, त्या मोजू नका. त्यांच्या ताटात भाकरीसोबत डाळ वाढते की नुसता ठेचा, तेवढं पाहा.

निंबोणी
बुधवारी बाजारातून आल्यावर कोणाच्यानं पालेभाजी निवडणं होत नाही. जुडी तशीच पिशवीत राहते आन शुक्रवारी पिवळी. यावर काय?

चुलांगण
निवडू नका, फक्त जुड्या सोडा. घट्ट बांधलेली जुडी आतून तापते आणि सडायला आतूनच लागते. धाग्यातून मोकळी करा, सडकी पानं काढा, न धुता सुती कापडात सैल गुंडाळून माठाजवळ ठेवा. धुतलेला पाला रात्रभरात काळा पडतो. निवडायचं काम गुरुवारी संध्याकाळी बसल्या बसल्या होतं, तेव्हा पोरांनाही हाताशी घ्या. सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या तांब्यात पाणी घालून उभ्या ठेवल्या तर तीन दिवस निभतात.

वऱ्हाडी पाटा
डाळभाजीचं एक सांगतो, कारण निम्म्या घरी ती बिघडते. काहून बिघडते तर सगळं एकाच कुकरात टाकतात. चुका, अंबाडी, टमाटर, चिंच यांच्यातला आंबटपणा डाळीले मऊ होऊ देत नाही. चणाडाळ तर दातात येते. मग चार शिट्ट्या जास्त देतात, पालक काळा पडतो आन डाळ तरी कच्चीच.

सहा माणसाले: तूरडाळ १५० ग्रॅम, चणाडाळ ५० ग्रॅम, मूठभर फल्लीदाणे. चणाडाळ न् दाणे दोन तास भिजवा, तूरडाळ अर्धा तास. या तिघाले हळद आन चमचाभर तेल टाकून आधी शिजवून घ्या. वेगळ्या गंजात (पातेल्यात) अर्धा किलो पालक आन चुक्याची एक लहान जुडी, पाणी न टाकता, पाच मिनिटं वाफवा. मग दोन्ही एकत्र करून घोटा, आन मग मीठ. फोडणी लसणाची, दहा-बारा पाकळ्या, लाल होईस्तोवर. तेल तीन मोठे चमचे पुरते, तर्री आणाची नाही.

अंबाडीचंही तसंच. पानं आठ-दहा मिनिटं उकळून पाणी फेकून द्या, पिळून घ्या. अर्धा किलो पानाले १०० ग्रॅम शिजलेली तूरडाळ आन मूठभर ज्वारीच्या कण्या, त्या वेगळ्या शिजवलेल्या. ॲल्युमिनियमच्या गंजात अंबाडी कराची नाही, आंबटानं भांडं झिजते आन ते पोटात जाते.

तिफण
बोअरच्या पाण्यात डाळ तशीही शिजत नाही. खायचा सोडा टाकावा का?

आहार-सेविका
शक्यतो नको. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार डाळीच्या सालीला आणि गराला घट्ट धरून ठेवतात, म्हणून ती शिजत नाही. सोड्याने ती मऊ होते खरी, पण ब-१ जीवनसत्त्व बऱ्यापैकी नष्ट होतं. त्यापेक्षा डाळ शिजवण्यापुरतं पिण्याचं गोडं पाणी वापरा आणि भिजवणं चुकवू नका.

लोहाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. पालेभाज्या आणि डाळींतलं लोह शरीरात कमीच शोषलं जातं. सोबत क जीवनसत्त्व गेलं तर शोषण वाढतं, चहा गेला तर घटतं. वेचणीच्या दिवसांत भाकर खाल्ली की लगेच चहा, ही सवय भाजीतल्या लोहावर पाणी फिरवते. जेवण आणि चहा यांत किमान एक तास ठेवा. निंबू पिळायचा तो भाजी चुलीवरून उतरवल्यावर, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने मरतं. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री, आवळे, बोरं हाताशी असतात. संत्रं दुपारच्या डब्यासोबतच खाल्लं तर त्याचा दुहेरी उपयोग.

लोखंडी कढईत आंबट भाजी शिजवली तर थोडं लोह उतरतं. पण शिजली की दुसऱ्या भांड्यात काढा. रात्रभर तशीच ठेवली तर भाजी काळीठिक्कर होते, चव धातूची लागते आणि मग घरात ती कढई कोणी वापरू देत नाही.

ज्यांच्या घरी सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) रुग्ण आहे, आणि पूर्व विदर्भात अशी घरं बरीच आहेत, त्यांनी पालेभाज्या, डाळी, भरपूर पाणी हे सगळं ठेवावं, पण लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असू शकतं.

पऱ्हाटी_७
वावरातून परत येताना पऱ्हाटीतल्या (कापसातल्या) तासातली अंबाडी आणि बरबटीच्या शेंगा तोडून आणतात, ती भाजी फुकट आणि ताजी. ती यात धरली नाही का कोणी?

परसबाग
ती धरू नका, मुद्दामच. पऱ्हाटीवर बोंडअळी आणि रसशोषक किडींसाठी फवारे बसतात आणि आतल्या अंबाडीवरही तेच उडतं. लेबलवर फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं, पण ते कापसासाठी. त्यातल्या पाल्यासाठी कोणी मोजलेलं नाही. धुऊन हे जात नाही, आंतरप्रवाही औषध पानाच्या आत गेलेलं असतं. भाजीची अंबाडी धुऱ्याच्या (बांधाच्या) पलीकडे, फवाऱ्याच्या वाऱ्याच्या उलट बाजूला लावा.

हरभऱ्याच्या पाल्याचं वेगळं आहे. पेरणीनंतर महिनाभराने शेंडे खुडले की फुटवेही वाढतात आणि भाजीही मिळते. मात्र खुडणी पहिल्या फवारणीच्या आधीच. एकदा फवारलं की त्या वर्षी ती भाजी विसरायची. आणि फवाऱ्याच्या औषधाच्या रिकाम्या डब्यांत पाणी, तेल, मीठ काहीही ठेवू नका, कितीही घासलं तरी.

वाळवणाचं सोमवार-मंगळवारसाठी. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला आणि मेथी भरपूर असते तेव्हाच वाळवून ठेवा. पाला सावलीत, कापडावर पातळ पसरून. कडक उन्हात रंग उडतो आणि त्याच्याबरोबर अ जीवनसत्त्वाचा अंशही. गवार, वांगी यांच्या खुला (वाळवायच्या फोडी) मात्र उन्हातच, दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून. पान बोटात चुरलं की चुरा व्हायला हवं. वाकलं तर ओल आहे, डब्यात बुरशी धरेल. एक किलो पाल्याचे जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम उरतात, त्यामुळे सहा माणसांच्या एका भाजीला साठ-सत्तर ग्रॅम पुरे. आधी कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवायचं, मग बेसन लावून आलन, म्हणजे पातळ भाजी.

सोयाबीनवाला
सगळ्यांनी तुरीवर जोर दिला. घरात सोयाबीनची पोती पडून आहेत आणि सगळं मार्केट यार्डात जातं. दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन टाकून दळलं की झालं, प्रथिनं फुकट.

आहार-सेविका
कच्चं टाकू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या पाचकरसाला, अडवणारा घटक असतो, त्यामुळे प्रथिनं पचत नाहीत आणि पोट बिघडतं. पोळी तव्यावर मिनिटभर राहते, तेवढ्याने तो पुरता जात नाही. पद्धत अशी: एक किलो सोयाबीन निवडून तीन-चार लिटर उकळत्या पाण्यात टाकायचं, वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं, पाणी फेकायचं. गार पाण्यात चोळून सालं काढायची. मग दोन-तीन दिवस कडक उन्हात, दाणा दातात टणक फुटेपर्यंत वाळवायचं. नऊ किलो गव्हात हे एक किलो. गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅमला साडेदहाच्या आसपास प्रथिनं असतात, या मिश्रणात ती तेराच्या आसपास जातात. शिवाय गव्हात लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी असतो, तो सोयाबीनमधून भरून निघतो.

दोन गोष्टी बिघडतात. एकटं सोयाबीन चक्कीत टाकलं की तेलाने पाटा चिकटतो, चक्कीवाला पुन्हा घेत नाही. म्हणून गव्हात मिसळूनच द्या. आणि हे पीठ पंधरा दिवसांत खवट होतं, महिन्याचं दळू नका.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पेरणीतून उरलेलं बियाणं यात कधीही वापरायचं नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं.

सोयाबीनवाला
दुरुस्त. सालं काढण्याचं माहीत नव्हतं.

धानपट्टा
भंडारा-गोंदियाकडून दोन शब्द. आमच्याकडे भाकर नाही, दोन्ही वेळ भात. तक्ता तोच चालेल, पण भाताचं पाणी काढून फेकू नका, त्याबरोबर ब जीवनसत्त्वं जातात. पाणी काढायचंच असेल तर ती पेज पिऊन टाका. दुपारचा उरलेला भात रात्रीपर्यंत चुलीशेजारी कोमट ठेवणं धोक्याचं. भातातले काही जंतू शिजूनही मरत नाहीत, कोमटपणात वाढतात, आणि पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. उरेल इतका शिजवू नका, उरलाच तर पसरट ताटात लवकर गार करून फ्रिजमध्ये. लाइन नसेल तर गुरांना.

लाखोळीच्या (लाखेच्या) डाळीबद्दल कोणी बोललं नाही. स्वस्त आहे, प्रथिनं भरपूर आहेत, पण महिनोन् महिने तीच मुख्य डाळ म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होतो. त्यापायी १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी विषाचे वाण आहेत. तरीही भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेका, आणि आठवड्यातून एखाद्या वेळेपुरतीच, तुरीत किंवा मुगात मिसळून वापरा.

तिफण
दुपारच्या डब्याचं सांगा. सातला भरलेला डबा एक वाजता उघडतो.

चुलांगण
कोरडं टिकतं, ओलं आंबतं. कोरडा झुणका, पातोड्या, गवार-दाण्याची भाजी, सुकी मोटीची उसळ, मेथीची पोळी. पालकाची पातळ भाजी, ओल्या नारळाचं काही, ताक घातलेलं काही नको. वाफ जाईपर्यंत झाकण लावायचं नाही, अर्ध्याहून जास्त डबे त्या वाफेनेच आंबतात. आणि रोज एका डब्यात तरी डाळ किंवा बेसन असलंच पाहिजे. नुसती भाकर-भाजी तीन वाजता उतरते, मग वावरातून चहा-बिस्कुटावर भागवावं लागतं.

मोड आणायचं वेळापत्रक अंगवळणी पडलं की सोमवार सोपा होतो. मोट शनिवारी रात्री भिजवा, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. थंडीत मोडाला चोवीस तास लागतात, म्हणून पुरचुंडी चुलीच्या उबेला. ऑक्टोबरच्या उकाड्यात बारा तास पुरतात आणि मध्ये दोनदा पाण्यातून काढावी लागते, नाहीतर चिकट होऊन वास येतो. सोमवारी सकाळी ओली उसळ घरी, सुकी डब्यात.

वऱ्हाडी पाटा
जवसाची चटणी राहूनच गेली. २०० ग्रॅम जवस मंद आचेवर तडतडेस्तोवर भाजा, ५० ग्रॅम तीळ वेगळे. आठ-दहा सुक्या मिरच्या, भिवापुरी असली तर रंग चांगला. लसणाच्या बारा पाकळ्या तव्यावर कोरड्या करून घ्या, चमचाभर जिरं, दोन लहान चमचे मीठ. पुरतं थंड झाल्यावरच वाटा. गरम वाटलं की तेल सुटते आन गोळा होते. पंधरा दिवसाचीच करा, जवसाचं तेल लवकर खवटते. माणशी रोज एक लहान चमचा.

निंबोणी
आजोबाच्या शुगरचं? त्यायले सगळे सांगतात ज्वारीची भाकर खा, शुगर वाढत नाही. ते तीन-तीन खातात.

आहार-सेविका
वाढते. ज्वारीतही पिष्टच आहे. गव्हाच्या पोळीपेक्षा पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, म्हणून थोडा फायदा, पण तीन भाकरी आणि ठेचा म्हणजे शुगर चढणारच. एक भाकर, दीड वाटी घट्ट वरण किंवा उसळ, दोन वाट्या भाजी, आणि भाजी-वरण आधी. गोळी चालू असेल तर जेवणाची वेळ चुकवायची नाही. सगळे वावरात गेले म्हणून त्यांचं जेवण दोनपर्यंत लांबणं हे जास्त धोक्याचं, शुगर एकदम उतरू शकते. त्यांचा डबाही सकाळीच भरून हाताशी ठेवा.

मीठ-तेलाची मोजणी सोपी आहे. माणशी रोज ५ ग्रॅम मीठ धरलं तर सहा जणांना एक किलोची पुडी तेहेतीस दिवस जायला हवी, लोणचं-पापड धरून. तेल माणशी २७ ग्रॅम, म्हणजे महिन्याला पाच किलोच्या आत. पुडीवर आणि डब्यावर उघडल्याची तारीख लिहा, पुरलं की नाही ते आपोआप कळतं.

पोरांना शाळेत दुपारचा पोषण आहार मिळतो, तो त्यांच्या हिशेबातून वजा धरा. पण दिवाळीच्या सुट्टीत तो नसतो, आणि वेचणी नेमकी जोरात असते. त्या पंधरा दिवसांत डाळीचं माप किलोभर वाढवा, आठवड्याला डझनभर अंडी जास्त आणा, आणि डेअरीला जाणाऱ्या दुधातून अर्धा लिटर आधी काढून घ्या. उरलं तर घेऊ म्हटलं की उरत नाही.

पऱ्हाटी_७
शेवटचं एक. ज्वारीची भाकर एकपर्यंत लाकूड होते. काय करावं?

चुलांगण
पीठ किती दिवसांचं आहे ते आधी पाहा. आठवड्याहून जुन्या पिठाची विरी जाते, भाकर थापताना कडेने चिरते आणि वाळून कडक होते. दळण आठवड्यापुरतंच, बाजाराच्या दिवशीच चक्कीवर टाका. डब्याच्या भाकरीसाठी पिठाच्या निम्मं पाणी उकळून त्यात थोडं पीठ ढवळा, झाकून पाच मिनिटं ठेवा, मग उरलेलं पीठ आणि लागेल तसं कोमट पाणी घालून चांगलं मळा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी लगेच फिरवा, कोरडं पडू देऊ नका. भाजून झाली की टोपलीत एकावर एक न रचता उभी टेकवा, वाफ गेली की सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली तर मऊ राहते, पण घामेजून आंबते.

पऱ्हाटी_७
आमच्याकडे दळण महिन्याचं असतं. तिथेच आहे म्हणजे घोळ.